जावेचा खांदा

“अक्का, फोटो कसले काढायचेत त्यावर कॅमेरा ठरतो,” दुकानदार म्हणाला. “लग्नकार्य, सहली, बारसं, काय ते सांगा.”

“भिंतीवर लावायचाय,” मी म्हटलं. “एकच.”

“कोणाचा?”

“माझा. ज्याला हार घालतात तो.”

दुकानदाराने हातातला कॅमेरा हळूच काचेवर ठेवला. माझा मुलगा भूपाल इतका वेळ दुकानातल्या एकेका कॅमेऱ्याचं नाक पुढे-मागे ओढून बघत होता, तो गर्रकन वळला.

“आई, चारचौघांत काय अभद्र बोलतीस?”

“चारचौघांतच बोलायचं असतं. न्यायलाही चारचौघंच लागतात.”

माझी धाकटी जाऊ राजमती तोंडाला पदर लावून हसली. ती सगळं पदराआडच हसायची. माझी नात सन्मती, आमची सनू, तेवढी हसली नाही. तिला ठाऊक होतं मी कशाला आले ते. सांगलीच्या कॉलेजात शिकत होती, कॅमेऱ्यातलं तिला कळायचं, म्हणून तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचं ऑपरेशन सांगितलं होतं. म्हणाले, घाबरायचं कारण नाही, यातून सगळे वाचतात. मी विचारलं, सगळे वाचतात तर आधी सही कशाला घेता? त्यावर ते दुसऱ्याच कोणाचे तरी कागद चाळायला लागले. मी चौथी शिकले, तीही मास्तर आमच्या शेजारी राहायचे म्हणून. पण माणूस कधी कागद चाळतो ते मला कळतं.

मरणाची भीती मला नव्हती. भीती होती ती फोटोची.

तिचं कारण आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, भिंतीवर आहे. हे गेले तेव्हा घर पालथं घातलं तरी यांचा एक धड फोटो सापडला नाही. ट्रॅक्टरचा होता, बैलांचा होता, कारखान्याच्या चेअरमनबरोबरचा होता, त्यात चेअरमन छान आले होते. शेवटी नणंदेच्या मुलीच्या लग्नातला एक निघाला. सगळं घरदार एका फोटोत. त्यातलं यांचं सुपारीएवढं डोकं कापून मुजावर फ्रेमवाल्याने परातीएवढं केलं. त्यात यांना डोळे आहेत हे माहीत असलेल्यालाच दिसतात. आणि यांच्या कानाला चिकटून एक जांभळा खांदा आला.

“हा काढ,” मी मुजावरला म्हटलं होतं.

“काढतो अक्का, पण मग अण्णांचा कान जातोय.”

“मग राहू दे. त्या कानाने माझं कधी ऐकलं नाही, तरी असू दे.”

तो खांदा राजमतीचा. आमच्यात धाकटी जाऊ थोरल्या दिरासमोर उभीसुद्धा राहत नाही. राजमती यांच्यासमोरून गेली तर भिंतीकडे तोंड करून जायची. चहा द्यायचा तर उंबऱ्यात ठेवून बाजूला व्हायची. पण त्या लग्नात फोटोग्राफर ओरडला, चिकटून उभे राहा, चिकटून, नाहीतर मावणार नाही, आणि मागच्यांनी हिला खुर्चीत बसलेल्या यांच्या अंगावर ढकलली. तिथे खरं तर मी असायला पाहिजे होते. मी त्या वेळी मांडवामागे आचाऱ्याला झापत होते. मसालेभातात मीठ नव्हतं.

तर मिठापायी माझी जागा गेली, आणि जी बाई जन्मभर यांच्या सावलीला आली नाही ती कायमची यांच्या कानाशी जाऊन बसली. दरवर्षी यांच्या तिथीला मी हार घालते तो तिच्या खांद्यावरूनही जातो. आल्यागेल्याने विचारलं, हे जांभळं काय हो, की मी सांगायची, फोटो जुना आहे, डाग पडलाय. आत स्वयंपाकघरात राजमतीच्या हातातली पळी तेवढ्यापुरती थांबायची.

तेव्हाच मी ठरवलं होतं की माझी ही गत होऊ द्यायची नाही. यांच्या शेजारी एक खिळा मारून घेतला. भूपालने विचारलं कशाला, मी म्हटलं कॅलेंडरला. त्या खिळ्यावर कधी कॅलेंडर लागलं नाही, आणि पुढे त्याने विचारलंही नाही.

“मग असं करू,” दुकानदार सावरून म्हणाला, “तीन मॉडेल दाखवतो.”

पहिलं भूपालच्या हातात होतंच. त्याचं नाक लांबच लांब निघायचं. भूपाल दुकानाच्या दारात जाऊन रस्त्यापलीकडे बघायला लागला. “आई, हे बघ. त्या समोरच्या हॉटेलातल्या माणसाची मिशी दिसतीय. केस न् केस.”

“परक्या माणसाची मिशी मला कशाला दाखवतोस?”

“तसं नव्हे. उसात डुक्कर शिरलं तर बांधावरून बघता येईल.”

“आणि बघून काय करशील? फोटो काढून त्याला दाखवशील, की बघ बाबा, तू शिरला होतास?”

भूपालने नाक आत घेतलं. कॅमेऱ्याचं.

दुसरा कॅमेरा लहानसा, लाल, कुंकवाच्या करंड्याएवढा. दुकानदाराचा जीव त्याच्यात होता. “अक्का, याच्यात हसरा चेहरा ओळखायची सोय आहे. माणूस हसलं की फोटो आपोआप निघतो. बटण दाबायलाच नको.” त्याने तो माझ्यासमोर धरला.

कॅमेरा वाट बघत राहिला. दुकानदारही वाट बघत राहिला.

“हसा की अक्का.”

“हसतेच आहे.”

दुकानदाराने कॅमेरा उलटा करून पाहिला, काहीतरी दाबलं, परत धरला. यंत्र बिघडलं की काय म्हणून तो कपाळाला आठ्या घालत होता. एवढ्यात काय चाललंय बघायला राजमतीने माझ्या मागून मान पुढे काढली. ते खेळणं असावं असंच तिला वाटलं बहुतेक, कारण पदर घ्यायचं ती विसरली. खट, खट, खट. लागोपाठ निघाले फोटो.

दुकानदाराने तिला मागचा पडदा दाखवला. राजमतीने तो कॅमेरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

“अगं बाई,” ती म्हणाली. “ही मी व्हय?”

“नाही, तुझी आजी,” मी म्हटलं. “ठेव खाली. सने, तिसरा कोणता?”

तिसरा सनूचा. काळा, विटेएवढा जड, पुढे एक आखूड भिंग. दूरचं जवळ आणायची सोय नाही, हसू ओळखायची नाही, मागचा पडदा फिरत नाही. आणि किंमत विचाराल तर भूपाल स्टुलावर बसला.

“याचा सेन्सर मोठा आहे आज्जी,” सनू म्हणाली.

“पण मेगापिक्सल बघा की तुम्ही,” दुकानदार मध्ये पडला. “उलट लालमध्ये दोन जास्तच आहेत.”

“म्हणजे त्यात जास्त, आणि महाग हा? का?”

सनूने दुकानदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरीला माझी नस माहीत आहे. “आज्जी, पंगत समज,” ती म्हणाली. “शंभर पानं मांडायची आहेत. एकदा आपल्या अंगणात मांडली, आणि एकदा स्वयंपाकघरामागच्या बोळात. पानं दोन्हीकडे शंभरच.”

“बोळात शंभर पानं मांडली तर गुडघ्याला गुडघा लागेल. ह्याची आमटी त्याच्या पानात.”

“तेच. मेगापिक्सल म्हणजे पानं. सेन्सर म्हणजे जागा. लालमध्ये पानं जास्त आहेत, पण मांडलीत बोळात.”

“आणि वाढपी?”

“वाढपी म्हणजे उजेड. बाहेर उन्हात वाढपी भरपूर असतात, तेव्हा बोळातही कसंबसं निभतं. पण आपल्या सोप्यात उजेड किती? दोन वाढपी, तेही म्हातारे. मग बोळात कोणाच्या पानात काय पडलं त्याचा पत्ता लागत नाही. फोटोत तेच उतरतं. चेहऱ्यावर नाचणी पसरल्यासारखे दाणे.”

“आणि मोठा करायला गेलं तर?”

“तर अण्णा आजोबांसारखं होतं. तो रोलवरचा जुना फोटो होता, पण गत तीच. बोळातलं एक पान उचलून परातीएवढं केलं.”

मला सेन्सर म्हणजे काय ते अजूनही विचाराल तर सांगता येणार नाही. पण पंगत मला कळते. सगळं आयुष्य मी पंगती उठवल्या आहेत. चाळीस माणसांच्या जागेत साठ बसवली की बसणारा उपाशी उठतो आणि नाव यजमानिणीचं जातं.

दुकानदार हरायला तयार नव्हता. “अक्का, मोठा सेन्सर धंदेवाल्यांना. घरच्या माणसाला सगळं एकात लागतं. झूम, व्हिडिओ, हसू, सगळं.”

“सगळं एकात भेळेत असतं,” मी म्हटलं. “हा काळा बांधा.”

“आई, एका फोटोसाठी?” भूपाल स्टुलावरून म्हणाला. “मुजावरला घरी बोलावला तर तो काढून देईल.”

“मुजावरला तुझ्या बापाचा कान वाचवून खांदा काढता आला नाही. खांदा आला तो आलाच.”

तो लाल कॅमेरा अजून राजमतीच्याच हातात होता. “अक्का,” ती हळूच म्हणाली, “लाल घेऊ या की. तो हसवतोय बघा.”

“हसायला यंत्र लागतं होय? आणि हार घातलेली बाई हसताना तू कुठे बघितलीस?”

“न्हाई बघितली,” राजमती म्हणाली. आणि दुसऱ्याचं मूल परत द्यावं तसा तिने तो कॅमेरा काचेवर ठेवला.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी सनूने मला बसवलं. सोप्यात, दाराशेजारच्या खुर्चीत. मी अंजिरी साडी नेसले होते, रुईफुली काठाची, भूपालच्या लग्नात विहीणबाईंनी नेसवली होती ती. सनू म्हणाली फ्लॅश नको, फ्लॅशने तोंड तेल लावल्यासारखं चकाकतं. दारातून येईल तेवढाच उजेड. दुसऱ्या बाजूने अंधार पडत होता म्हणून तिने राजमतीच्या हातात यांचं एक पांढरं धोतर दिलं, आणि ते पडद्यासारखं धरून माझ्या अंगाशी उभं राहायला सांगितलं. त्यावरून उजेड परततो म्हणे.

“वर धरा धाकट्या आज्जी. अजून वर. तुम्ही दिसायच्या नाहीत, काळजी करू नका.”

“तेच बघ,” मी म्हटलं. “खांदाबिंदा नको यायला.”

राजमतीने धोतर एवढं वर धरलं की ती सगळीच त्यामागे गेली.

सनूने पाच-सहा फोटो काढले आणि मला मागच्या पडद्यावर दाखवले. बोटाने दाबत दाबत मोठे केले. मी बघतच राहिले. चैत्रातली काळी जमीन असते ना, तशी मी. भेगा कुठून निघून कुठे जातात तेही कळत होतं. हनुवटीवर एक पांढरा केस होता. एवढी वर्षं त्या केसाने माझ्या आरशालाही पत्ता लागू दिला नव्हता.

“सेन्सर थोडा लहान असता तरी चाललं असतं,” मी म्हटलं.

“तूच निवडलास आज्जी.”

मी उठले, आत गेले, चिमटा शोधला, केस उपटला, परत येऊन बसले. सनू म्हणाली, आता जरा चेहरा सैल सोड. मी सोडला. ती म्हणाली, अजून. मी म्हटलं, याहून सोडला तर खाली पडेल. तिने परत काढले. प्रत्येकात मी अशी बसले होते की समोर कोणीतरी मीठ विसरलेला आचारी उभा असावा.

“हस ना थोडी.”

“मेलेलं माणूस हसतं होय?”

त्यावर धोतरामागून राजमतीचा आवाज आला. ती जन्मात कधी मला उलट बोलली नव्हती. कदाचित मध्ये धोतर होतं म्हणून तिला धीर झाला असेल.

“अक्का, असा चेहरा ठेवला तर हार घालायला कोण जवळ येणार? लोक लांबनंच फेकतील.”

सनूने ओठ चावला.

“आन् भावजी शेजारच्या खिळ्यावर हायेत,” धोतर पुढे बोललं. “हा फोटो शेजारी येतोय बघून ते खिळा सोडून खाली उतरतील. म्हणतील, तिथं वर तरी जरा निवांत होतो.”

मला हसू आलं ते असं की आवरेना. वर यांच्या फोटोकडे नजर गेली, तर हे खरंच उतरायच्या बेतात दिसले. मग मी तोंड उघडून हसले. पुढचा एक दात पडला होता, दुसरा हलत होता, त्याचं भान राहिलं नाही. माझं हसणं ऐकून राजमतीचे हात गळाले. धोतर खाली आलं आणि त्याच्यामागची ती, पदर नाही, काही नाही, डोळ्यांतून पाणी येईतो हसत माझ्या खांद्यावर टेकली. माझा खांदा तिला आधी कधी लागला असेल तर तो तिचे मालक, धाकटे भाऊजी, गेले तेव्हा. तेव्हाही ती स्वतः टेकली नव्हती, मीच ओढून घेतली होती.

खट्.

“लाल असता तर आपोआप निघाला असता,” राजमती डोळे पुसत म्हणाली.

मी सनूकडे पाहिलं. “काढलास तू?”

“हो.”

“पुसून टाक. बोळकं दिसत असेल माझं.”

“बरं आज्जी,” सनू म्हणाली आणि अंगठा कुठेतरी दाबला. मग राजमतीला म्हणाली, “धाकट्या आज्जी, तुम्ही बसा आता. तुमचा एक काढते. एकटीचा.”

राजमतीने लगेच पदर तोंडावर घेतला. “मला कशाला गं? माझा खिळा कुठाय?”

“खिळा मागून येतो,” मी म्हटलं. “आधी नंबर माझा आहे. हे धोतर घडी घालून ठेव.”

त्या ढिगातला त्यातल्या त्यात माणसासारखा एक फोटो मी निवडला. मुजावरने सोनेरी पट्टीच्या चौकटीत बसवून दिला. खांदा नाही, डाग नाही, कान दोन्ही शाबूत. मुजावर म्हणाला, अक्का, असा स्वच्छ फोटो आमच्या दुकानात कोणाचा झाला नाही, भिंतीवरनं हाक मारल्यागत वाटतंय. भूपालने त्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. मी तो जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला, ट्रंकेची किल्ली सनूला दिली आणि मिरजेला गेले. तयारी केलेलं काम वाया जात नाही, असं मला वाटायचं.

मी वाचले. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. याचा मला थोडा रागच आला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी मीठ बंद केलं. राजमती माझ्यासाठी वेगळी आमटी करायची, बिनमिठाची, बिनतिखटाची, आणि मी ताट ढकलते की काय म्हणून समोर बसून राहायची. मी दुसऱ्या कोणाला झापलं असतं. ते गरम पाणी मी मुकाट पीत होते. एकदा ती म्हणाली, “अक्का, त्या लग्नातल्या आचाऱ्याला आता माफ करा.” मी म्हटलं, “तू आमटी वाढ.”

हिवाळ्यात राजमती गेली.

आमच्या जैनांत सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. तिने सगळ्यांची ताटं केली, वाढलं, भूपालला दुसऱ्यांदा भात वाढला आणि म्हणाली, मी जरा टेकते. भिंतीला पाठ लावून बसली. मी म्हटलं, जेवून घे, दिवस चाललाय. ती हो म्हणाली. थोड्या वेळाने मी परत म्हटलं. मग मी रागावून म्हटलं. मग भूपाल ताटावरून उठला.

नंबर माझा होता. ही बाई जन्मभर प्रत्येक पंगतीत शेवटी बसली, आणि इथे मात्र मधून घुसली.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. गावातून, तिच्या माहेरहून लोक येणार. पाटावर फोटो ठेवावा लागतो, पेपरात द्यावा लागतो. राजमतीचा फोटो कुठे होता? लग्नातला होता, त्यात मुंडावळ्यांखाली नुसती हनुवटी. सरकारी कार्डावरचा होता, त्यात तिला कोणी चोरीत पकडल्यासारखी ती बघत होती. बाकी घरातल्या दरेक कार्याच्या फोटोत ती होती, कुठे हात, कुठे ताटासकट कोपर, कुठे दुसऱ्याच्या मागे केसांची गाठ. सगळ्या जोडल्या असत्या तर कदाचित एक राजमती झाली असती.

भूपाल गाडी काढून सांगलीला त्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेला. तासाभराने फोन आला. लाल कॅमेरा केव्हाच विकला गेला होता. दाखवायला काढलेले फोटो ते रोज पुसतात म्हणे.

मी सोप्यात बसले होते. सनू लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली.

“आज्जी, रागावू नको. मी पुसला नव्हता.”

तिने तो फोटो उघडला. मी आधी माझं बोळकं बघितलं आणि नजर काढून घेतली. मग सनूने बोटाने तो सरकवत सरकवत राजमतीवर आणला आणि मोठा केला. अजून मोठा केला. फुटेल, दाणे येतील, यांच्यासारखं होईल, म्हणून मी वाट बघत होते. काही झालं नाही. ती नुसती जवळ येत गेली. पुढच्या दोन दातांत फट होती. डोळ्यांच्या कडेला पाणी होतं, तेही दिसलं. ती अशी हसते हे चाळीसेक वर्षं एका चुलीवर काम करून मला माहीत नव्हतं. पदर मध्ये होता.

“मोठं अंगण आहे,” मी म्हटलं.

“हो आज्जी,” सनू म्हणाली.

मुजावरकडे मी स्वतः गेले. त्याच्याकडे आता कॉम्प्युटर होता. त्याने मला स्टूल दिलं आणि माझा चेहरा कापून बाजूला केला. राजमती राहिली, आणि तिच्या गालाखाली माझा अंजिरी खांदा.

“अक्का, पूर्वीसारखं नाही आता,” तो खुशीत म्हणाला. “कानाला धक्का न लावता खांदा गायब करतो. बघाच.”

त्याने काहीतरी चोळलं. खांदा गेला. त्या जागी निळी भिंत आली. राजमती हसत होती, आणि एका बाजूला कलली होती, वाऱ्याने कललेल्या जोंधळ्यासारखी. खाली काही नव्हतं.

“जमलं की नाही?” मुजावर म्हणाला. “कोणाला कळणारसुद्धा नाही तिथे कोण होतं. अण्णांच्या फोटोतलं ते जांभळंही काढून देतो. आणून द्या. एवढी वर्षं तुम्हाला खुपतंय.”

मी स्टूल पडद्याजवळ ओढलं.

“परत घाल,” मी म्हटलं.

“काय?”

“खांदा.”

“अक्का, तुम्हीच तर त्या वेळी…”

“ती कशाला टेकलीय आता? पडेल की ती.”

“फोटोत कोण पडतंय अक्का?”

“तुझ्याकडचे पडत नसतील. घाल म्हटलं ना.”

त्याने घातला. राजमती पुन्हा टेकली.

“आणि अण्णांच्या फोटोतला?”

“तोही असू दे. आता कुठे जाणार तो.”

घरी आणल्यावर भूपाल फोटो घेऊन यांच्या शेजारच्या खिळ्याशी गेला, खिळा तयारच आहे म्हणून. मी म्हटलं, तो कॅलेंडरचा आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हातोडी आणून पलीकडे नवीन खिळा ठोकला. चार ठोके जास्तच मारले.

याला आता बरीच वर्षं झाली. मी आहेच. सनू लग्न होऊन पुण्याला गेली, तो काळा कॅमेरा तिच्या कपाटात पडून असतो. म्हणते, आज्जी, आता फोनवर त्याच्याहून चांगला फोटो निघतो. मागे आली तेव्हा मी ट्रंक उघडून माझी ती सोनेरी चौकट तिच्या हातात दिली. म्हटलं, ही बापाला दे आणि उसाच्या बांधावर लावायला सांग, डुकरं यायची नाहीत. मधल्या खिळ्यावर काय लावायचं तेही तिला सांगून ठेवलंय. मुजावरने कापून बाजूला ठेवलेला तुकडा. दात पडलेला दिसतो, दिसू दे.

सोप्यात आलेला माणूस अजून यांच्या फोटोपाशी थांबतो आणि विचारतो, हे जांभळं काय हो? मी सांगते, जावेचा खांदा आहे. लोक जरा गोंधळतात, मग पलीकडच्या फोटोकडे बघतात. त्यातला खांदा कोणाचा ते मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. काठावरची रुईफुलं मोजता येतात आणि मी समोर तीच साडी नेसून बसलेली असते. राजमतीच्या तिथीला हार घालते तो माझ्या खांद्यावरूनही जातो. भूपाल म्हणतो, आई, जित्या माणसाला हार लागू नये, जरा वर सरकव. मी सरकवत नाही.

सेन्सर चांगला होता.